‘आम्ही’ म्हणजे कोण?

आमच्या प्रवेश अर्जात ३६ प्रश्न आहेत. नाव, वय, चालू गोळ्या, चष्मा, कवळी, श्रवणयंत्र, लघवी-शौचाचं भान, चहात साखर किती, झोपताना दिवा लागतो का. सतरावा प्रश्न असा : रात्री यांच्याकडे कोण बघतं? गेली १६ वर्षं मी हा अर्ज लोकांच्या घरी जाऊन, त्यांच्या दिवाणावर बसून भरून घेतो आहे. या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांत एकच असतं. “आम्हीच बघतो की.”

पहिली तीन-चार वर्षं मी ते तसंच लिहून घेत होतो.

माझी नोकरी पुण्याबाहेरच्या एका निवासी केंद्रात. स्मृतिभ्रंश झालेली म्हातारी माणसं तिथे कायमची राहायला येतात. मी डॉक्टर नाही, समाजकार्य शिकलेला माणूस. प्रवेशाआधी घरी जायचं, माणूस बघायचा, घर बघायचं आणि त्याने आत्ताच आमच्याकडे यायला हवं का याचा अंदाज घ्यायचा, हे माझं काम. लोकांना वाटतं हा निकाल डॉक्टर देतात. डॉक्टर आजाराचं नाव सांगतात, ३० गुणांची परीक्षा घेतात : आज वार कोणता, शंभरातून सात वजा करत जा, मघाशी सांगितलेले तीन शब्द आठवतात का. पण ३० पैकी ९ गुण मिळालेली आजी सुनेबरोबर मटार सोलत घरात मजेत राहिलेली मी पाहिली आहे आणि १९ गुणांच्या आजोबांनी सहा महिन्यांत ब्युरोच्या चार माणसांना पळवून लावलेलंही पाहिलं आहे. गुणांवरून आजार कळतो, घर कळत नाही.

घर मला पहिल्यांदा कळलं ते सदाशिव पेठेतल्या एका दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात. दोन मुलगे, डोंबिवलीहून खास आलेली मुलगी आणि कोपऱ्यात आरामखुर्चीत वडील. तिघांनी मला बजावलं, “आम्ही बाबांना बाहेर ठेवणार नाहीच, नुसती माहिती घेऊन ठेवतोय.” सतराव्या प्रश्नाला अर्थात “आम्हीच बघतो.” धाकटी सून चहा घेऊन आली. कप ठेवताना तिच्या मनगटाभोवती मला एक वळ दिसला, बांगडीखाली, काळपट. मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो. ओट्याकडे तोंड करूनच ती म्हणाली, “नाडी बांधते. एक टोक बाबांच्या हाताला, एक माझ्या हाताला. ते उठले की ओढ बसते.” किती दिवस? “गेल्या गणपतीपासून.” तेव्हा फेब्रुवारी चालला होता.

बाहेरच्या तिघांना नाडीची गोष्ट माहीत होती. ती त्यांना युक्ती वाटत होती.

तेव्हापासून सतरावा प्रश्न मी दिवाणखान्यात विचारत नाही. तो स्वयंपाकघरात विचारतो, एकेकट्याला, आणि जरा बदलून : काल रात्री तुम्ही स्वतः किती वाजता झोपलात, कितीदा उठलात? ज्यांचा ‘आम्ही’ सगळ्यांत मोठा असतो त्यांना बहुधा हे सांगताच येत नाही. ज्या एका माणसाला मिनिटासकट सांगता येतं, तो माणूस मी शोधत असतो. बहुतेकदा ती बाई असते. सून, मुलगी, बायको. कधी पगारी मावशी, जिला कुणी काही विचारलेलंच नसतं.

सुरुवातीला मी माणसांना फार लवकर नावं ठेवायचो. न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर “मंथली किती?” एवढंच विचारणाऱ्या मुलाला मी मनातल्या मनात कोरडा म्हटलं होतं. पुढे कळलं, त्या पठ्ठ्याने दीड वर्षात पुण्याच्या सात फेऱ्या मारल्या होत्या आणि तिकडची नोकरी घालवली होती. पैशाचा प्रश्न त्याने पहिला विचारला, कारण बाकीच्या प्रश्नांवर रडून झालं होतं. आणि जो मुलगा माझ्यासमोर आईचे पाय चेपत बसला होता, तो नंतर पाच महिने फिरकला नाही. आता मी पहिल्या भेटीत मत बनवत नाही, निदान प्रयत्न तरी करतो.

‘अजून नको’ असं सांगणं हाही माझ्या कामाचाच भाग. एका घरी मला तातडीने बोलावलं होतं : आजोबा दहा दिवसांत पार बदलले, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणतात, मुलाला ओळखत नाहीत, आजच्या आज न्या. दहा दिवसांत, हे ऐकूनच मी अर्ज पिशवीत ठेवला. हा आजार असा धावत येत नाही. महिन्यांनी, वर्षांनी सरकतो. एकाएकी झालं असेल तर आधी लघवीचा जंतुसंसर्ग बघायचा, रक्तातलं सोडियम बघायचं, नवीन गोळी सुरू झाली का विचारायचं, पडून डोक्याला मार लागला होता का तेही. आजोबांना लघवीचा संसर्ग होता. पंधरा दिवसांनी त्यांनी मला फोन करून, मी त्यांना वेड्यांच्या इस्पितळात न्यायला आलो होतो का, असं खडसावून विचारलं.

पण सगळीकडे मी एवढा शहाणा नव्हतो. एक निवृत्त शिक्षिका कर्वेनगरला एकट्या राहत. विसरायच्या, तेच तेच विचारायच्या, गॅस दोनदा चालू राहिला होता. मुलं परगावी. भीती मुलांना होती, बाईंना नव्हती. डबा लावला होता, शेजारीण सकाळ-संध्याकाळ डोकावायची, कोपऱ्यावरचा वाणी त्यांना वाट चुकली तर घरी सोडायचा. गॅस काढून विजेची किटली ठेवली असती, दाराची दुसरी किल्ली शेजारणीकडे दिली असती, तर आणखी वर्ष-दीड वर्ष सहज निघालं असतं. मला हे दिसत होतं. पण त्या वर्षी आमच्या सहा खाटा रिकाम्या होत्या आणि महिनाअखेरीच्या बैठकीत मला त्याबद्दल विचारणा झाली होती. मी अर्ज भरून घेतला. आमच्याकडे आल्यावर बाईंची तब्येत चांगली राहिली, वजनही वाढलं, पण कुणाला काही शिकवायला उरलं नाही. पाच महिन्यांत त्यांनी बोलणं जवळजवळ सोडलं. कागदोपत्री माझी काही चूक नाही. मी चुकलो.

आणि एकदा उलटं. ८१ वर्षांचे आजोबा, ७६ वर्षांच्या आजी. आजी कपडे काढून टाकायच्या, जेवलेलं विसरायच्या, दिवेलागणीला रडू लागायच्या. आजोबांनी एक वही केली होती, रकाने आखून : हिचं ब्लडप्रेशर, हिच्या गोळ्या, हिचं पोट साफ झालं का, हिची झोप. ती वही बघून मी भारावलो. दोघांना मदतीला माणूस ठेवा म्हटलं, तर म्हणाले, “माझं मी करतो. सप्तपदी चाललोय, मध्येच थांबायचं का?” मी अर्जावर शेरा मारला : पुन्हा भेट सहा महिन्यांनी.

चौथ्या महिन्यात आजोबा मोरीत पडले. खुब्याचं हाड मोडलं. रात्रभर तिथेच पडून होते. आजींना फोन लावता येत नव्हता, कडी काढता येत नव्हती. त्यांनी घरातल्या सगळ्या चादरी, शाली, रग, टॉवेल आणून नवऱ्याच्या अंगावर घातले आणि जवळ बसून राहिल्या. सकाळी दूधवाल्याने दार वाजवलं तेव्हा शेजाऱ्यांना कळलं. आजोबा नवव्या दिवशी इस्पितळातच वारले. आजी आमच्याकडे आल्या, सोबत ती वही. एका रात्री ती चाळताना मला शेवटचा रकाना दिसला. ‘माझ्या गोळ्या.’ दोन महिने तो कोरा होता.

मी भेटीला गेलो तेव्हाही तो रकाना वहीत असणारच. मी फक्त आजींचे रकाने वाचले होते.

हा आजार आता विरळा राहिलेला नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीच्या पुढचे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले आहेत, शंभरात सात-साडेसात. तरी प्रत्येक घराला वाटतं की हे फक्त आपल्याच वाट्याला आलं. बहुतेक घरांत पहिली दोन-तीन वर्षं ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणण्यात जातात आणि पुढची दोन-तीन कुणाला कळू नये म्हणून.

लोक माझ्याकडे परवानगी मागायला येतात, हे कळायला मला फार वर्षं लागली. फी, खोल्या, जेवण हे सगळं विचारून झालं की जाता जाता, चपला घालताना एखादा विचारतो, “तुम्ही असता तर काय केलं असतंत?” त्याला तारीख नको असते. त्याला एक शब्द आपल्या अंगावरून काढून हवा असतो. ‘टाकलं.’ “अमक्याने आईला आश्रमात टाकलं.” मराठीत टाकलेली म्हटलं की नवऱ्याने टाकलेली बाई डोळ्यांपुढे येते. एवढं जुनं ओझं त्या क्रियापदावर आहे, आणि नातेवाईक ते अगदी सहज वापरतात. एकदा एका धाकट्या भावाने थोरल्याला माझ्यासमोर कायद्याची धमकी दिली. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा, कलम २४ : तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम खरं आहे. पण ते म्हाताऱ्या माणसाला वाऱ्यावर सोडणाऱ्यासाठी आहे. खर्च उचलणाऱ्या, दर रविवारी येऊन आईची नखं कापणाऱ्या मुलासाठी ते नाही. थोरला ते करणार होता. कायदा तोंडपाठ असलेला धाकटा ठाण्याला राहत होता आणि दिवाळीला येत होता.

दुसरा घोर ‘घरी’ या शब्दाचा. माणसं म्हणतात, तिला तिच्या घरातून कसं हलवायचं? देवरुखकडच्या एक आजी होत्या. ४० वर्षं पुण्यात स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहिलेल्या. रोज चार वाजले की लुगडी-पोलकी चादरीत बांधायच्या आणि दाराशी उभ्या राहायच्या. चारची एसटी गाठायची असायची. मुलगा त्यांना रिक्षात बसवायचा, म्हात्रे पुलावरून एक चक्कर मारून परत त्याच दाराशी आणायचा. “आलं बघ घर,” म्हटलं की आजी खुशीत आत जायच्या. वर्षभर ही युक्ती चालली. एके दिवशी त्या दारात थबकल्या आणि म्हणाल्या, “हे कुणाचं घर? मला परक्या घरी कशाला आणलंस?” ज्या घरातून हलवायची मुलाला भीती होती, त्या घरात आजी बऱ्याच दिवसांपासून नव्हत्याच. हे त्याने मला सांगितलं, मी त्याला नाही.

केंद्र कसं निवडावं असं विचारतात तेव्हा मी आमचंच कौतुक करावं अशी माझ्या साहेबांची अपेक्षा असते. मी सांगतो, सकाळी अकराला जाऊ नका, सगळी केंद्रं सकाळी अकराला चांगली असतात. संध्याकाळी सातला जा. रात्रपाळीला किती माणसं आहेत ते विचारा आणि त्यांना भेटा. आजी-आजोबांची नखं बघा. अंगावरचे कपडे त्यांचे स्वतःचे आहेत का बघा. आणि आधी कागदपत्रं करा, माणसाला सही कशाखाली करतोय हे कळतंय तोवर. कुलमुखत्यारपत्र खिशात घालून लोक निर्धास्त असतात, पण ते करून देणाऱ्याची समज गेली की ते टिकत नाही, १८७२ च्या करार कायद्यातच तसं आहे. मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयापर्यंत जावं लागू शकतं.

हे सगळं मी शेकडो लोकांना सांगितलं. आता माझ्या आईबद्दल.

आई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, ट्रंक कॉलच्या काळातली. निम्मी नोकरी रात्रपाळीची. ७४ व्या वर्षी तिचं विसरणं सुरू झालं, ७७ व्या वर्षी रात्री उठणं. दोनच्या सुमाराला ती पलंगावर ताठ बसायची, टीव्हीचा रिमोट कानाला लावायची आणि स्वच्छ आवाजात म्हणायची, “नंबर बोला. लाइन सोडू नका.” मग ‘ड्यूटी’ संपेपर्यंत, म्हणजे साधारण साडेपाचपर्यंत, तिला खोलीतून बाहेर जायचं असायचं. कधी दाराला धडका द्यायची, कधी नुसती अंधारात उभी राहायची. लोकांना मी तिची ही गोष्ट फार रंगवून सांगायचो. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

तेव्हा आईच्या खोलीत माझी बायको झोपत होती. सुरुवातीला आम्ही पाळ्या लावल्या होत्या. मग मला सकाळी लांबवर गाडी चालवायची असते म्हणून माझी पाळी शनिवारवर आली आणि पुढे शनिवारीही मी दमलेलाच असायचो. बायको शाळेत शिकवते, सकाळी पावणेसातला घर सोडते. १४ महिने तिने हे केलं. मी काय करत होतो? औषधं आणत होतो. डॉक्टरांशी बोलत होतो. बहिणीला फोनवर सविस्तर हाल कळवत होतो. आणि कुणी विचारलं की सांगत होतो, “आम्ही घरीच बघतो आईला.” या क्षेत्रातला माणूस आपल्या आईला घरी ठेवतो, याचं लोकांना कौतुक वाटायचं. ते मला आवडायचं. खोटं कशाला बोलू?

एका सकाळी बायकोची स्कूटर राजाराम पुलाजवळ दुभाजकाला घासली. गुडघा खरचटला, बाकी काही नाही. “काय झालं?” विचारलं तर म्हणाली, “डोळा लागला.” दुसऱ्या कुठल्याही घरात हे ऐकलं असतं तर मी त्या क्षणी अर्ज बाहेर काढला असता. तिला मी म्हणालो, “काही दिवस रिक्षाने जात जा.”

ती काही बोलली नाही. संध्याकाळी तिने माझ्या पिशवीतला एक कोरा अर्ज काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला, वर मिठाची बरणी, उडू नये म्हणून. तरी मला तीन आठवडे लागले.

आईला आमच्या केंद्रात ठेवायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. माझ्या आईपुढे तिथल्या मावश्यांना कधी मोकळेपणाने वागता आलं नसतं. दुसऱ्या एका केंद्रात गेलो. समोर माझ्या निम्म्या वयाची मुलगी बसली होती, नुकती पदवी घेतलेली. मी कोण, काय करतो, हे तिला माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही. अर्ज थोडा वेगळा होता, पण तो प्रश्न होताच. अकरावा. “रात्री कोण उठतं?”

“आम्हीच,” मी म्हणालो.

तिने पेन उचललं नाही. “आम्ही म्हणजे कोण?”

बायको शेजारी बसली होती. ती खिडकीतून बाहेर बघत होती. मी म्हणालो, “ही.” मुलीने बायकोकडे पाहून विचारलं, “काल किती वाजता उठलात?” “दोन दहा,” बायको म्हणाली. “मग तीन. मग चार वीसला. मग झोपलेच नाही.”

पहिले तीन आठवडे वाईट गेले. आईचं वजन तीन किलोंनी उतरलं. मी भेटायला गेलो की ती माझ्याकडे न बघता रिमोट शोधायची. नाशिकच्या बहिणीने ‘टाकलं’ हा शब्द वापरला, एकदाच, पण वापरला. मी आईचे अंगठे घेऊन बँकेची कामं उरकू पाहत होतो आणि जी कागदपत्रं मी जगाला वेळेत करायला सांगतो ती आमच्याकडे झालेली नव्हती. दीड महिन्याने तिथल्या रात्रीच्या एका मावशीने युक्ती केली. आई दोनला उठली की तिला बळजबरीने निजवायचं सोडून ती तिला आपल्या टेबलाशी घेऊन बसायची, समोर बिघडलेला जुना काळा फोन ठेवायची आणि स्वतः तिच्याशेजारी रजिस्टर लिहायची. आई साडेतीनपर्यंत ड्यूटी करायची आणि सही करून झोपायची. आम्हाला हे सुचलं नव्हतं असं नाही. पण त्या मावशीला दुपारी झोपायला मिळत होतं.

आई आता मला ‘इन्स्पेक्टर’ म्हणते. बायकोला नावाने हाक मारत नाही, पण ती दर गुरुवारी शाळेतून परस्पर जाते तेव्हा तिच्यासाठी खुर्ची सरकवून ठेवते.

ज्या दिवशी आईला सोडून आलो, त्या रात्री मला झोप लागली नाही. दोन वाजून गेले आणि पलीकडच्या खोलीतला दिवा लागला. बायको सवयीने त्याच खोलीत झोपली होती आणि सवयीने उठली होती. मी दाराशी गेलो. ती आईच्या रिकाम्या पलंगाच्या कडेवर बसली होती, चादर सारखी करत. मला बघून म्हणाली, “तू जा, झोप. तुला जागायची सवय नाहीये.”